दाणा कोणाचा, रात्र कोणाची?



आजचं वाचन : श्रीमद्भागवत, अकरावा स्कंध, आठवा अध्याय. अवधूताची मधमाशी.

ज्यांनी कालपर्यंतचं वाचन केलंय त्यांना संदर्भ माहीत आहे. यदुराजाला वाटेत एक अवधूत भेटतो. अंगावर धड वस्त्र नाही, जवळ पैसा नाही, पण चेहऱ्यावर आनंद. राजा विचारतो, हा आनंद आणला कुठून? मग अवधूत आपल्या चोवीस गुरूंची यादी सांगतो. पृथ्वी, वारा, पाणी, अजगर, पतंग, हत्ती, पिंगला... आणि मधमाशी. मधमाशीकडून तो दोन गोष्टी शिकला. पहिली, थोडं थोडं अनेक ठिकाणांहून घ्यावं, कुणा एकावर भार टाकू नये. दुसरी, साठवू नये. संध्याकाळसाठी नाही, उद्यासाठीही नाही. कारण मधमाशी पोळं भरते आणि मग पोळ्यासकट स्वतःही जाते.

मी हा भाग दरवर्षी वाचते आणि दरवर्षी इथे अडखळते. कारण खरं सांगते, सकाळी पोथी मिटून मी पहिलं काय उघडते? म्युच्युअल फंडाचं अॅप. माझी दर महिन्याची एसआयपी आहे. टर्म इन्शुरन्स आहे. 'सहा महिन्यांचा खर्च बाजूला हवा' हे वाक्य मी ऑफिसातल्या ज्युनियर मुलांना स्वतः ऐकवते. तुमच्यातल्या बहुतेकांचंही हेच असणार. मग आपण कोण? विठ्ठलावर विश्वास आहे म्हणणारे, आणि तरी बॅलन्स बघितल्याशिवाय झोप न येणारे?

साठवणं म्हणजे अविश्वास का? आजचा प्रश्न एवढाच आहे.

याचं उत्तर मला पोथीत मिळालं नाही असं नाही, पण ते समजायला मला एका पक्ष्याची मदत लागली. अवधूताने चोवीस गुरू केले, माझा हा पंचविसावा समजा.

मी तीन हिवाळे अमेरिकेत मिनेसोटा राज्यात काढले. प्रोजेक्टसाठी गेले होते. दुसऱ्या हिवाळ्यात शेजारच्या आजींनी मला खिडकीबाहेर टांगायला एक बर्ड फीडर दिला आणि सूर्यफुलाच्या बियांची पिशवी. बाहेर बर्फ, पानं गळालेली झाडं, आणि पहिल्याच सकाळी एक चिमुकला पक्षी हजर. डोक्यावर काळी टोपी, गळ्याखाली काळा ठिपका, गाल पांढरेशुभ्र. नाव चिकडी. ती स्वतःच ओरडून आपलं नाव सांगते, चिक-अ-डी-डी-डी. आपल्याकडच्या रानात आणि डोंगरउतारांवर राखी वल्गुली दिसते ना, तिच्याच कुळातली ही.

वजन किती? दहा-बारा ग्रॅम. दहा रुपयांचं एक नाणं घ्या, वर आणखी अर्ध्या नाण्याचं वजन धरा, झाली चिकडी.

आता विचार करा. थंडी सुरू झाली की तिकडचे कितीतरी पक्षी दक्षिणेला निघून जातात. ही बहुतेक वेळा जात नाही. डिसेंबरात तिकडे रात्र पंधरा तासांची. बाहेर उणे वीस, उणे पंचवीस. आणि हिचं दिवसाचं अंगाचं तापमान आहे ४२ अंशांच्या आसपास. एवढुशा देहाची ऊब पंधरा तास टिकवायची कशी?

ती तीन गोष्टी करते.

एक, दिवसभर खाते आणि अंगावर थोडी चरबी चढवते. ती चरबी रात्रभरात जवळपास संपते. सकाळी पुन्हा शून्यापासून सुरुवात. रोज. पूर्ण हिवाळा.

दोन, रात्री एखाद्या झाडाच्या ढोलीत एकटी शिरते, पिसं फुलवते आणि स्वतःच्या अंगाचं तापमान दहा-बारा अंशांनी खाली आणते. म्हणजे शेगडी विझवायची नाही, फक्त मंद करायची.

तीन, साठवते. हो, साठवते! माझ्या फीडरवर येऊन ती एकच बी उचलायची आणि उडून जायची. मला वाटायचं, किती ही घाई, बसून खा की बाई. नंतर कळलं की त्यातल्या बऱ्याच बिया ती खात नव्हती, लपवत होती. झाडाच्या सालीच्या फटीत, दगडफुलात, सूचिपर्णी झाडाच्या पानांच्या झुबक्यात. प्रत्येक बी वेगळ्या ठिकाणी. आणि ते ठिकाण तिला आठवतं. प्रयोगांत असं दिसलंय की जवळजवळ चार आठवड्यांनंतरही ती आपली लपवलेली जागा शोधून काढू शकते. मी चष्मा कुठे ठेवला हे मला चार मिनिटांनी आठवत नाही.

२००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन ठिकाणच्या चिकडी तपासल्या होत्या, अलास्काच्या आणि कोलोरॅडोच्या. अलास्काचा हिवाळा जास्त कठीण. तिथल्या चिकडींनी जास्त दाणे लपवले, त्यांना जागाही जास्त चांगल्या आठवल्या, आणि मेंदूचा जो भाग जागांची आठवण ठेवतो तो त्यांच्यात मोठा निघाला. आणि याच कुळातली युरोपातली मोठी वल्गुली? ती साठवतच नाही. तिला ती सवयच नाही.

इथे मला पहिली गाठ सुटल्यासारखी वाटली. एकाच कुळातल्या दोघी. एक साठवते, एक साठवत नाही. दोघींना देणारा एकच. मग साठवणं म्हणजे त्याच्यावरचा अविश्वास कसा? चिकडीला त्याने दाणा दिला, आणि दाणा कुठे ठेवला हे आठवायची बुद्धीही त्यानेच दिली. आठवण हीसुद्धा त्याचीच देणगी.

आता अवधूताकडे परत या. 'उद्यासाठी ठेवू नये' हे तो कुणाबद्दल बोलतोय? भिक्षूबद्दल. स्वतःबद्दल. आणि ऐकणारा कोण आहे? राजा! ज्याच्याकडे कोठारं आहेत, खजिना आहे. भागवत म्हणतं की हे ऐकून यदूची आसक्ती सुटली, त्याचं चित्त सम झालं. त्याने कोठारांना कुलूप लावलं की ती मोकळी केली, हे तिथे सांगितलेलं नाही. ज्या नाथ महाराजांनी या अकराव्या स्कंधावर मराठीत एवढी मोठी टीका लिहिली आणि १५७३ मध्ये काशीत पूर्ण केली, ते स्वतः गृहस्थ होते. घर होतं, मुलंबाळं होती, दारात पाहुणे होते. त्यांच्या घरात दुसऱ्या दिवसाचं पीठ नसेल असं मला वाटत नाही.

म्हणजे प्रश्न 'साठवावं की नाही' हा नाहीच. प्रश्न आहे किती, आणि कशासाठी.

चिकडीकडे पुन्हा बघा. अंगावर ती किती चरबी चढवते? साधारण एका रात्रीपुरती, फार तर थोडी वर. का? दाणे तर आहेत, मग आठवड्याची का नाही? कारण अभ्यासक सांगतात की अंग जड झालं की पाखराची उडी मंदावते, आणि ससाणा मंद पाखरालाच गाठतो. कमी साठवलं तर थंडीने मरण, जास्त साठवलं तर ससाण्याने. ती या दोन मरणांच्या मध्ये रोज संध्याकाळी आपलं माप ठरवते.

आपल्याला ससाणा दिसत नाही एवढाच फरक. सहा महिन्यांचे नऊ होतात, नऊचे चोवीस. मग 'घर झालं की देईन', 'लोन फिटलं की देईन'. जड झालोय हे कळत नाही, कारण जड होणं आतून सुरक्षिततेसारखंच वाटतं. मधमाशीच्या गोष्टीत अवधूत हेच तर सांगतोय. मध वाईट नव्हता, पोळं जड झालं होतं.

पण थांबा. इथपर्यंत सगळं गोड गोड झालं. आता कडू भाग.

चिकडी संत नाही. ती दाणे लपवते ते इतरांपासून लपवते. हिवाळ्यात त्यांचा सात-आठ जणींचा थवा असतो आणि त्यात वरचढ-खालची अशी उतरंड असते. वरचढ चिकडी आली की खालच्या चिकडीने फीडर सोडायचा. मी हे रोज बघायचे. म्हणून 'निसर्गाकडून शिका' असं सरसकट म्हणायला मला भीती वाटते. अवधूतानेही तसं केलं नाही. तो म्हणतो की हे गुरू मी माझ्या बुद्धीने केले. अजगराकडून त्याने मिळेल त्यात समाधान घेतलं, गिळणं घेतलं नाही.

तरी एक गोष्ट आहे जी चिकडी अजिबात लपवत नाही. धोका दिसला की ती मोठ्याने सांगते. तिच्या हाकेतले शेवटचे 'डी-डी-डी' मोजून अभ्यासकांनी २००५ मध्ये दाखवलं की धोका जितका मोठा तितके 'डी' जास्त. छोटं चपळ घुबड तिच्यासाठी जास्त घातक, म्हणून त्याच्यासाठी जास्त 'डी'. मोठं घुबड एवढ्याशा पाखराच्या मागे लागत नाही, त्याच्यासाठी कमी. आणि ही हाक तिच्या जातीबाहेरचे पक्षीही समजून घेतात, सावध होतात. दाणा माझा, पण धोक्याची खबर सगळ्या रानाची. तिची उदारता इथपर्यंत येते.

आता माझी गोष्ट सांगते. ही मी आधी कधी लिहिलेली नाही.

२०२१ चा फेब्रुवारी. पारा उणे पंचवीसच्या खाली गेला होता. मी चहाचा कप घेऊन खिडकीशी उभी, समोर चिकडी. सकाळचे साडेनऊ, म्हणजे सोलापुरात रात्रीचे नऊ. मावशीचा फोन आला. मावशी मला फोन करते तेव्हा आधी दहा मिनिटं माझी चौकशी करते. त्या दिवशी केली नाही.

"बाळा, एक मागायचं होतं. नाही म्हणालीस तरी चालेल."

काका यंत्रमागावर कामाला होते. लॉकडाऊनमध्ये काम बंद पडलं ते नीट सुरू झालंच नाही. धाकट्या भावाच्या कॉलेजची फी भरायची शेवटची तारीख जवळ आली होती. साठ हजार कमी पडत होते.

माझ्या खात्यात तेव्हा नऊ महिन्यांचा खर्च पडून होता. मी म्हटलं, "अगं मावशी, पैसे सगळे एफडीत अडकलेत गं. आत्ता काढताच येणार नाहीत."

ती लगेच म्हणाली, "असू दे, असू दे. तू काळजी घे, थंडी फार आहे ना तिकडे?"

माझ्या थंडीची चौकशी करून तिने फोन ठेवला.

एफडी वगैरे काही नव्हतं. पैसे एका दिवसात निघाले असते. मी खोटं का बोलले? मी स्वतःला कारणं दिली. व्हिसाचं अनिश्चित आहे. कंपनीत लोक कमी करतायत. आणि सगळ्यात हुशार कारण म्हणजे एकदा दिलं की सवय लागते, नातेवाइकांचं असंच असतं.

भावाचं ते वर्ष गेलं. तो एका मोबाइलच्या दुकानात लागला.

त्या 'सवय लागते'बद्दल सांगते. काही महिन्यांनी फीडरबद्दल वाचत होते. मलाही शंका होती की आपण दाणे घालून या पाखरांना परावलंबी तर करत नाही ना? मिनेसोटाच्या शेजारच्याच विस्कॉन्सिन राज्यात मार्गारेट ब्रिटिंगहॅम आणि स्टॅन्ली टेंपल या दोन अभ्यासकांनी हेच तपासलं होतं. त्यांना दिसलं की फीडर असला तरी चिकडी आपल्या गरजेतला साधारण पाचवा हिस्साच तिथून घेतात, बाकीचं रानातूनच शोधतात. कडाक्याच्या थंडीत मात्र तेवढ्या हिश्श्यानेच जास्त चिकडी जगल्या. आणि जिथे वर्षानुवर्षं फीडर होता तिथला काढून टाकला, तेव्हा काय झालं? तिथल्या चिकडी इतर ठिकाणच्या चिकडींइतक्याच जगल्या. त्या शोधायला विसरल्या नव्हत्या.

मी लॅपटॉप बंद केला. अकरा ग्रॅमचं पाखरू मदतीने आळशी होत नाही, आणि माझी मावशी, जिने आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलं, ती होईल असं मी ठरवून टाकलं होतं.

पाखरांवरून माणसांबद्दल सिद्धान्त मांडता येत नाही, मान्य. माणसं फसवतातही. पण मी मावशीबद्दल काही तपासलं नव्हतं. मला कारण हवं होतं, ते मी घेतलं.

आता तुम्ही म्हणाल, मग सगळं वाटून टाकायचं का? नाही. इथे तुकोबा आठवतात. सावकारीची खतं त्यांनी इंद्रायणीत बुडवली हे आपल्याला माहीत असतं. पण परंपरा सांगते ती पुढची गोष्ट आपण विसरतो. धाकटे भाऊ कान्होबा यांच्या वाटणीची अर्धी खतं त्यांनी आधी वेगळी काढून दिली, आणि फक्त आपल्या वाट्याची बुडवली. भावाच्या संसाराच्या जिवावर त्यांनी वैराग्य केलं नाही. तुमच्यावर आई-वडील अवलंबून असतील, मूल असेल, तर त्यांच्या रात्रीचे दाणे उधळणं ही भक्ती नाही. तुमच्या वाट्याचं काय ते बघा.

म्हणून मला आज जे कळलंय ते असं. चिकडी स्वतःची रात्र ओळखते आणि तेवढ्यापुरतं साठवते, यात चूक काहीच नाही. पण तिला दुसऱ्या पाखराची रात्र कळत नाही. पलीकडच्या ढोलीत कुणाची चरबी संपत आली आहे हे तिला समजायला मार्ग नाही. मला आहे. मला फोन येतो. मला आवाजावरून कळतं की आज चौकशीची दहा मिनिटं गाळली गेली. भगवंताने माणसाला आणि पाखराला साठवणाची बुद्धी दोघांना दिली, पण दुसऱ्याची रात्र ओळखायची ताकद माणसाला दिली. ती वापरली नाही तर मी चिकडीपेक्षा कमी ठरते, बरोबरीचीही नाही. कारण ती निदान धोक्याची हाक तरी खरी देते. मी तर फोनवर खोटी हाक दिली.

साठवणं हा अविश्वास नाही. माझी अजून न आलेली रात्र खरी, आणि समोरच्याची आत्ता सुरू असलेली रात्र खोटी, असं वागणं हा अविश्वास आहे.

परत आल्यावर मी सोलापूरला गेले. पैसे घेऊन गेले होते. मावशीला खरं सांगितलं, एफडी नव्हती म्हणून. ती भाकरी थापत होती. थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "मला माहीत होतं गं. तुझ्या आवाजावरून कळलं होतं." पैसे तिने घेतले नाहीत. भावाने घेतले, उसने म्हणून, आणि कॉलेजला परत गेला. दर महिन्याला थोडे थोडे परत करतो. मी नको म्हणत नाही, कारण ते त्याचं आहे. पण एक वर्ष मी त्याला परत देऊ शकत नाही, आणि मावशीशी बोलताना आजही आमच्या दोघींच्या मध्ये तो फोन असतो.

आजचा अभ्यास

संध्याकाळी दिवा लावल्यावर पाच मिनिटं बसा. एका कागदावर लिहा, माझी रात्र किती लांब आहे? खरी रात्र, भीतीने ताणलेली नाही. तेवढं बाजूला राहू द्या, त्यात अपराधी वाटून घेऊ नका. मग खाली एकच नाव लिहा, ज्याची रात्र आत्ता सुरू आहे हे तुम्हाला माहीत आहे. त्या माणसाने मागायची वाट बघू नका. मागताना माणसाचं काय होतं ते मी ऐकलंय. आणि द्यायचं नसेल तर निदान खरं बोला, 'मला भीती वाटते म्हणून देत नाहीये' असं.

प्रार्थना

पांडुरंगा, माझ्या रात्रीपुरता दाणा असू दे, आणि तो कुठे ठेवलाय याची आठवण असू दे. त्याहून जास्त झालं तर जड होण्याआधी मला हलकं कर. आणि कुणाचा फोन आला तर तो ऐकायला येऊ दे.

उद्या आठव्या अध्यायातच पुढे जाऊ, मध काढून नेणाऱ्याकडे. तोही अवधूताचा गुरू आहे बरं का!

राम कृष्ण हरी.